मूळ प्रत

फणसवाडीत जिन्याखालच्या छापखान्यात
सव्वीस वर्षं मी मुद्रितं तपासली.
पानाला बारा आणे, पुढे दोन रुपये.
लाल पेन्सिल छापखान्याची, चष्मा माझा.

तारेवर शेजारी शेजारी वाळायचे
नोव्हेनाच्या पुस्तिकेचे फर्मे, पर्युषणाचं पत्रक,
उरुसाची जाहिरात, सत्यनारायणाची पोथी.
शाई सगळ्यांना एकाच डब्यातली.

एका वर्षी दोन पंचांगं आली.
एकात एकादशी मंगळवारी, दुसऱ्यात बुधवारी.
मी मालकांना विचारलं, खरी कुठली?
पळणिटकर खिळ्यांवरून मान न उचलता म्हणाले,
ज्याची अनामत आली ती आधी छापू.
मी दोन्ही दिवस साबुदाण्याची खिचडी खाल्ली.

बाइंडिंगला अब्बास मुकादम, दापोलीकडचा.
रीम मोजून झालं की बोट ओलं तसंच ठेवून म्हणायचा,
"पाचशे. वल्लाहु आलम."
आणि पुन्हा मोजायचा.
अहो, अल्लाला ठाऊक आहे ना, मग परत कशाला?
"त्याला ठाऊक आहे, बाई. मला कुठं आहे?"

माझी आईही हरवलेल्या वाटीपासून
गेलेल्या माणसापर्यंत
सगळ्याला "देव जाणे" म्हणायची,
म्हणजे, मला माहीत नाही.
तेव्हा वाटायचं, एवढाच देव पुरे.

त्या डिसेंबरात एक पत्रक आलं.
एकच पान, दोन हजार प्रती, पैसे रोख.
आणणारा मुलगा नीट भांग पाडलेला, नम्र. मला काकू म्हणाला.
मजकुरात "कदाचित" नव्हतं, "बहुधा" नव्हतं,
"असे म्हणतात" सुद्धा नव्हतं.
इतकं ठाम मी तोवर काही वाचलं नव्हतं;
पंचांगातही ग्रहणाखाली
"स्थानपरत्वे फरक पडेल" अशी बारीक ओळ असते.

चौथ्या ओळीत होतं, ते आपले शत्रु आहेत.
मी ऱ्हस्व उकार दीर्घ केला.
समासात नेटकी खूण, खाली सही.
वाक्य शुद्ध होऊन पुढे गेलं.

अब्बास मराठी शाळेत शिकलेला.
कटरखाली गठ्ठा धरताना त्यानं वाचलं असेल,
नसेलही.
मोजून झाल्यावर "दोन हजार" म्हणाला.
पुढचं काही म्हणाला नाही.
पुन्हा मोजलं नाही.

जानेवारीत छापखाना अठरा दिवस बंद.
उघडला तेव्हा टेबलावर त्याचं दाभण, मेणाचा गोळा
आणि अर्धी शिवलेली हिशेबाची वही.
दापोलीला पत्र टाकलं. दुसरं टाकलं.
कुणी म्हणालं मुंब्र्याला गेला,
कुणी म्हणालं कुवेतला त्याचा भाचा असतो,
कुणी काही न बोलता रस्त्याकडे बघितलं.

आता आमच्या इमारतीत
सगळ्यांना सगळं पक्कं माहीत असतं.
तिसऱ्या मजल्यावरचे करंबेळकर लिफ्टचं दार धरून विचारतात,
मानता की नाही, एक काय ते सांगा.
मी सांगायला जाते,
आमच्या कामात मुळाबरहुकूम तपासायचं असतं.
आणि मला आयुष्यभर ज्यांनी ज्यांनी मजकूर आणून दिला
ते सगळे नकला घेऊन आले.
मूळ प्रत कुणी दाखवली नाही.
ती नाहीच, असंही मी म्हणत नाही,
मी फक्त पाहिलेली नाही.
म्हणजे नास्तिक, ते म्हणतात, आणि हात काढतात.
ते पानही माझ्याकडे मुळाशिवायच आलंय, मी म्हणते,
पण तोवर दार लागलेलं असतं.

त्या पत्रकाचं मुद्रित माझ्याकडे आहे,
त्याच दाभणानं वहीला टोचून ठेवलेलं.
लाल खूण अजून स्पष्ट. दीर्घ. बरोबर.
तिच्याखाली समासात
एक प्रश्नचिन्ह बसेल एवढी जागा होती,
बोटभर.
मोजून पाहिली आहे.
पुन्हा मोजते.